दहावा बाईंचा

बास्केटबॉल शिकवणाऱ्या बाईंची शोकसभा संपायला दुपारचे साडेतीन वाजले. प्राचार्यांनी बाईंच्या संघाने जिंकलेल्या एकोणीस चषकांची यादी वाचली. मागच्या रांगेत त्यांच्या जुन्या संघातल्या नऊ बायका जांभया दाबत होत्या.

"बाई असत्या तर तिसऱ्या मिनिटाला शिट्टी फुंकली असती," खांब कुजबुजली. ती संघातली सगळ्यांत उंच, म्हणून हे नाव. आता दातांची डॉक्टर.

मग कोणी न सांगताच नऊजणींचे पाय बास्केटबॉलच्या कोर्टाकडे वळले. दाराशी चपला निघाल्या, पदर खोचले गेले. त्यांच्यातल्या सगळ्यांत लहानखुऱ्या चिमणीने कपाटातून चेंडू काढला.

बाईंचा नियम साधा होता. सराव संपवायचा तर रेषेवर उभं राहून सलग दहा फ्री थ्रो. नऊ मुलींचे, दहावा बाईंचा. एक जरी चुकला तरी पहिल्यापासून. बाईंच्या वेळी मात्र सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. "माझा चुकला तर जन्मभर दात काढाल!" तो चुकलेला कोणी कधी ऐकला नव्हता. दोन टप्पे, आणि जाळीची सळसळ.

मोजपट्टी रांगेत शेवटी उभी राहिली. पहिल्याच दिवशी तिने रिंगची उंची टेप लावून तपासली, तेव्हा बाईंनी हे नाव ठेवलं. आता ती वजनं-मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. तेवीस वर्षांपूर्वी अंतिम सामन्यातला शेवटचा फ्री थ्रो तिनेच चुकवला होता. संघ एका गुणाने हरला. परतताना बाईंनी तिला खिडकीची जागा दिली आणि अवाक्षर काढलं नाही. त्यानंतर तिने चेंडूला हात लावला नाही. बाई रागावल्या होत्या का, हे विचारायचं राहून गेलं, ते कायमचंच.

चिमणीचा पहिला आत गेला. चेंडू खाली पडला आणि घरंगळत रेषेपाशी परत आला.

"उतार आहे," मोजपट्टी म्हणाली. तिने पाण्याची बाटली जमिनीवर आडवी ठेवून पाहिली. बाटली तसूभरही हलली नाही.

दुसऱ्या वेळी चेंडू एक टप्पा घेऊन हातात आला. चौथ्या वेळी नेमका तळव्यांत, बोटांखाली शिवण आडवी. रिंगखाली उभ्या राहून बाई असाच द्यायच्या.

"अगं, पण देतंय कोण?" खांबने विचारलं. तिचा चेहरा फुलला होता.

"गप गं. मोज," चिमणी म्हणाली.

आठ झाले. मोजपट्टीची पाळी आली. तिने चेंडू टाकला. तो रिंगच्या कडेवरून बाहेर पडला.

"अगं मेले!" सगळ्या एका सुरात ओरडल्या आणि हसत सुटल्या.

चेंडू मात्र रिंगखालीच थांबला. परत येईना.

"गुडघे," चिमणी हळूच म्हणाली. चुकलेल्या मुलीने गुडघे वाकवून दाखवल्याशिवाय बाई चेंडू सोडत नसत.

मोजपट्टीने गुडघे वाकवले. उजवा कडकन वाजला. हास्याचा स्फोट झाला.

चेंडू आला.

"पहिल्यापासून!"

या खेपेला आठही आत. मोजपट्टीने श्वास सोडला, गुडघे वाकवले आणि चेंडू सोडला. जाळी सळसळली. नऊजणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, उड्या मारू लागल्या.

मग लक्षात आलं, चेंडू परत आलेला नाही.

"दहावा," कोणीतरी म्हणालं.

नऊजणी भिंतीकडे वळल्या. जुन्या रंगाचा वास. शेजारणीचा श्वास.

एक टप्पा.

दुसरा.

सवयीने मोजपट्टी सेकंद मोजू लागली.

खण्ण! लोखंडी रिंगवर आदळून चेंडू बाहेर पडला.

कोणी वळलं नाही. खांबचे खांदे गदगदू लागले, आधी हसण्याने, मग रडण्याने, मग पुन्हा हसण्याने. तेवीस वर्षं छातीत अडकलेलं काहीतरी मोजपट्टीच्या घशातून हसू होऊन बाहेर पडलं.

"बाई," ती भिंतीला म्हणाली, "मुद्दाम चुकवलात ना?"

"पहिल्यापासून," चिमणीने डोळे पुसले.

त्या वळल्या. चेंडू रेषेवर होता. चिमणीला द्यायला म्हणून मोजपट्टीने तो उचलला. चेंडू गार होता. फक्त दोन जागी, जिथे तळवे धरतात तेवढ्याच, कोमट.