चिंगीचा चेंडू

दुपारचं भांडं उतरवून मी पिंजऱ्यांकडे निघाले होते. रोजचंच काम. पोलिसांच्या श्वानपथकात मी कुत्र्यांचा स्वयंपाक करते. भात, मांसाचे तुकडे, हाडांचं उकळलेलं पाणी. मीठ नाही. हे काम हलकं आहे असं ज्याला वाटतं त्याने पुढे वाचू नये. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. पिंजऱ्यांवरच्या पाट्या बघून अक्षरं शिकले आणि त्याच अक्षरांनी हे लिहिते आहे. चुका काढायच्या असतील त्याने तोंडावर येऊन काढाव्यात.

तेव्हा पथकात चार कुत्री होती. प्रत्येकाचं काम वेगळं आणि सांगायची तऱ्हाही वेगळी. मौनी स्फोटकं शोधायची. वास लागला की जागच्या जागी बसायची, हूं नाही की चूं नाही, कारण तिथे भुंकणं म्हणजे सगळ्यांच्याच चिंधड्या. उकऱ्या नशेची पूड शोधायचा आणि सापडली की पंजाने उकरत सुटायचा. एकदा त्याने माझी पिशवी उकरली, तर पथकातली माणसं मला कितीतरी दिवस "काय मावशी, धंदा जोरात ना?" असं विचारत होती. पैलवान पळणाऱ्याचं मनगट धरायचा, ते सांगितल्याशिवाय सोडायचा नाही.

आणि चिंगी. ती मेलेली माणसं शोधायची.

सापडलं की चिंगी पोटावर निजायची, पुढचे पाय पसरायची, हनुवटी जमिनीला टेकवायची आणि वर बघायची. मग तिला सांभाळणारा हवालदार, ज्याला आम्ही लांब्या म्हणतो, खिशातून तिचा लाल रबरी चेंडू काढून द्यायचा. हा तिथला नियमच. कुत्र्याने सांगितलं की चेंडू लगेच द्यायचा. चेंडू म्हणजे त्याची पोचपावती. मिळाला नाही तर कुत्र्याला वाटतं, माझं यांनी ऐकलंच नाही. मग ते सांगतच राहतं. आणि शोधाला निघायच्या आधीही चिंगी तोच चेंडू आणून पायाशी ठेवायची. चला, म्हणून.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी पथकाच्या मोठ्या साहेबांच्या कार्यालयात टायपिंगला होती. एका संध्याकाळी ती घरी आलीच नाही. साहेबांनी बहिणीला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "वय आहे हो तिचं. गेली असेल कुणाबरोबर. तोंड पोळलं की येईल परत."

त्या दिवसापासून बहीण पथकाच्या फाटकाशी येऊन उभी राहायला लागली. रडायची नाही. मी भांडं घेऊन गेले की एवढंच म्हणायची, "अक्का, मिळू दे. जशी असेल तशी मिळू दे. निदान मला दार लावून झोपता येईल."

मग ती दुपार. अंगणात साहेबांची गाडी धुऊन उभी होती. लांब्या चिंगीला फिरवून आणत होता. गाडीच्या मागे ती थबकली. डिकीखाली नाक घातलं आणि पोटावर निजली. पाय पसरले, हनुवटी टेकली. लांब्याचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला, कारण पायरीवर साहेब उभे होते.

"काय झालं रे हिला?"

"काही नाही साहेब... ऊन लागलं असेल."

चेंडू खिशातून बाहेर आलाच नाही. लांब्याने तिला ओढून नेलं, तर ती मान वळवून त्याच्या खिशाकडेच बघत होती. संध्याकाळच्या आत डॉक्टर आला. कुत्रीचं नाक गेलंय, आता उपयोग नाही, असं वरून ठरलं होतं. इंजेक्शन दिलं तेव्हा मी तिथे होते. जीव जातानाही तिने हनुवटी फरशीला टेकवलेली होती.

मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. "गाडीत काय होतं?" मी विचारलं.

ते हसले. "मावशी, कुत्र्यांच्या साक्षीवर कोर्ट चालत नाही. आणि तुमची नोकरी तर माझ्या एका सहीवर आहे."

अशा माणसाला देव बघून घेईल म्हणतात. मला ते कधी पटलं नाही. देवाला काय कामं थोडी आहेत?

त्यानंतर पिंजऱ्यांत काहीतरी बदललं. चिंगीचा पिंजरा धुऊन कुलूप लावून ठेवला होता. दुपारी सगळीकडे शुकशुकाट असतो. फिनेलचा वास, तापलेला पत्रा आणि कुठेतरी ठिबकणारा नळ, एवढंच. त्या शुकशुकाटात रिकाम्या पिंजऱ्यातून फरशीवर नखं वाजायची. टक... टक... टक... मग धप्प. कुणीतरी अंग टाकल्यासारखं. तिच्या कानाला लावायचं औषध होतं, उग्र, नाकात जाणारं. त्याची बाटली मी स्वतः फेकली होती. वास मात्र रोज ताजा.

आणि एका दुपारी भांडं घेऊन गेले, तर तिघंही जेवायला उठली नाहीत. मौनी, उकऱ्या आणि पैलवान, तिघंही आपापल्या पिंजऱ्यात पोटावर निजलेली. पाय पसरलेले, हनुवट्या जमिनीला, डोळे वर. ही खूण त्यांना कुणी कधी शिकवली नव्हती.

लांब्याला दाखवलं. तो पांढराफटक पडला. "मावशी... मला काही बोलू नका."

"तुला काय बोलायचंय? उंची ताडाएवढी आणि छाती चिमणीची."

तेव्हा मैदानाच्या टोकाला सिमेंटचा मोठा ओटा तयार होत होता. दरवर्षीच्या प्रात्यक्षिकाला पाहुण्यांसाठी पक्कं व्यासपीठ हवं, हा साहेबांचा हट्ट. भाची गेली तेव्हा तिथे नुसता खड्डा होता. नंतर भराव टाकताना साहेब स्वतः उभे राहिले होते. केवढी ती कामाची हौस.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी मैदान भरलं. ओट्यावर खुर्च्या, मधल्या खुर्चीत साहेब, शेजारी पाहुण्या म्हणून बोलावलेल्या न्यायाधीश बाई. पायऱ्यांजवळ गवंड्यांनी पहारी, घमेली तशीच टाकलेली. बहीण कुंपणाशी उभी होती. मी तिच्याजवळ.

आधी मौनी आली. मैदानात पिशव्या मांडल्या होत्या, एकीत नकली बाँब. तिने एकाही पिशवीला नाक लावलं नाही. सरळ ओट्यावर चढली, साहेबांच्या बुटांपुढे निजली आणि हनुवटी टेकवली. लोक हसले. साहेबही हसले.

मग उकऱ्याला सोडलं. तोही ओट्यावर. उकरलं नाही, मौनीच्या शेजारी निजला. आता थोडे कमी लोक हसले. दोघांच्या मध्ये एका कुत्र्याएवढी जागा मोकळी होती.

पैलवानापुढे हाताला जाड पट्टा बांधलेला शिपाई चोर होऊन पळाला. पैलवान त्याच्याकडे बघतच नव्हता. वाटेत कुणाला तरी अंग घासत चालावं तसा तिरका तिरका चालत तो ओट्यावर गेला आणि निजला. तीन हनुवट्या सिमेंटला. आता कुणीच हसलं नाही. वारा पडला होता, तरी तो कानाच्या औषधाचा वास कुंपणापर्यंत आला. बहिणीने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"न्या त्यांना," साहेब म्हणाले. आवाज चिरका झाला होता. त्यांनी पाय वर उचलून घेतले होते, लहान पोरासारखे.

न्यायाधीश बाईंनी लांब्याकडे पाहिलं. "ही कसली खूण आहे?"

लांब्या उभा. हात खिशात. मी कुंपणावरून ओरडले, "सांग की रे. तिचं ऐकलं नाहीस, निदान तिच्यासाठी बोल."

"मॅडम..." तो म्हणाला. "ही खूण मेलेल्या माणसाची आहे."

साहेब काहीतरी बोलत होते, शिस्त, कारवाई, वेडी बाई. मी कुंपणाच्या फटीतून आत घुसले होते. पहार पहिली मी उचलली. न्यायाधीश बाई खुर्चीवरून उठल्या, ओट्यावरून उतरल्या आणि मला अडवायला आलेल्या शिपायाला म्हणाल्या, "त्यांना अडवू नका. मदत करा."

पुढचं मी लिहिणार नाही. ती माझ्या बहिणीची लेक होती. एवढं सांगते की बहिणीने तिला ओळखलं, आणि साहेबांना गाडीतून नेलं तेव्हा त्यांचे पाय सीटवर वर घेतलेलेच होते.

सगळे निघाल्यावर लांब्या फुटलेल्या ओट्याशी आला. खिशातून लाल चेंडू काढला. तिघांपैकी कुणी त्याकडे पाहिलं नाही. "हा हिचा आहे," तो म्हणाला आणि चेंडू टाकला. चेंडूचा एक टप्पा पडला. दुसरा पडलाच नाही. आम्ही दोघांनी सगळं मैदान पालथं घातलं, मिळाला नाही. लांब्या तिथे बसून हमसून हमसून रडला आणि मी त्याला रडू दिलं. गप्प बसायची त्याला सवय होती, ती जायला हवीच होती.

नखांचा आवाज थांबला. मला वाटलं, पोचपावती मिळाली, आता निजेल बिचारी. बहीण दार लावून झोपायला लागली.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. नवे साहेब आलेत, सभ्य, मला आई म्हणतात. पिंजऱ्यांच्या मागे त्यांनी नवीन खोल्यांचं काम काढलंय. काल दुपारी भांडं घेऊन निघाले तर स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्यावर लाल चेंडू पडलेला. उचलला. लाळेने ओला होता. गरम होता.

मी मागे गेले. फरशी सकाळीच ओतली होती, सिमेंट अजून ओलं. त्याच्या बरोबर मधोमध दोन पसरलेल्या पंजांचे ठसे होते आणि पंजांच्या मध्ये हनुवटीचा खळगा. तिथवर जाणारं किंवा तिथून येणारं एकही पाऊल नव्हतं.

पहार माझ्याकडेच आहे. फाटकाशी मात्र अजून कुणी येऊन उभं राहिलेलं नाही.