डोळे दाखव

बसा रे, नळाला पाणी यायला अजून अवकाश हाय. आपल्या गारखेड्यात पाणी येतं ते असंच, सगळं जग झोपल्यावर, चोरावानी. तवर एक सांगतो. बनवलेली नाय, घडलेली हाय. आपल्या द्वारकाबाईचा थोरला बन्सी, पाहिलाय ना तुम्ही? आता सोयगावकडं शेरडं राखतो. चांगली नोकरी सोडून गेला. का गेला, ते ऐका.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर बन्सी वॉचमन होता. त्या पावसाळ्यात कारखान्यात कावीळ शिरली. आधी रंगकामाकडची पोरं पडली, मग पॅकिंगमधली. आरोग्य खात्याचा इशारा आला की साथ हाय, जपून राहा. भिंतीभिंतीला कागद चिकटले. जेवणाआधी साबणानं हात धुवा, दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणी पिऊ नका. आणि बन्सीच्या हातात बॅटरी दिली. आत येणाऱ्या प्रत्येकाची खालची पापणी ओढायची, उजेड मारायचा, पिवळं दिसलं की माघारी धाडायचं. सकाळपासून तोंडात एकच... "डोळे दाखव."

अशानं माणसाला माणसाचा संशय यायला लागतो. एखादा काळा चष्मा लावून आला की कुजबुज. एखादा पोट धरून बसला की शेजारचा उठून लांब. डबे उघडायचे ते भिंतीकडं तोंड करून. आणि अशा वेळी सगळ्यांना दोष द्यायला एक माणूस लागतो.

तो सापडला. सारजाबाई. कॅन्टीनमधी भाकरी थापायची. नवरा नाय, मूल नाय, एक भाचा तेवढा. बन्सी तिला मावशी म्हणायचा. एक दिवस सकाळी त्यानं तिच्या डोळ्यांवर उजेड मारला, तर हळदीवानी पिवळे.

"मावशी, तुला आत जाता यायचं नाय."

एवढं म्हणायचा अवकाश, लोक जमले. "हिच्याच हातातनं खातोय आपण!" कोण म्हणालं कुणास ठाऊक, पण म्हणालं, "धुव बाई हात. आमच्यासमोर धुव." तिला कॅन्टीनच्या बेसिनपाशी नेऊन उभं केलं. तिनं धुतले. "पुन्हा." पुन्हा धुतले. हात लालेलाल झाले तरी कुणी बस म्हणंना.

तिनं बन्सीकडं पाहिलं. "बन्सी, तू तरी सांग रं. माझ्या आधी किती जण पडले, तुझ्याच बॅटरीनं पाहिलेस ना तू? हे माझ्या हातानं नाय आलं."

बन्सीला ठाऊक होतं. तिचे डोळे सगळ्यांच्या मागून पिवळे झाले होते. पण तिची बाजू घेतली तर लोक आपल्यावर उलटतील, या भ्यानं तो गप राहिला.

भाच्यानं तिला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाय. पोळ्याच्या आधीच गेली.

आता पोळ्याची रात्र. अमावस्या. निम्मे कामगार बैलांना पुरणपोळी खाऊ घालायला गावाकडं गेलेले. कारखाना बंद, मशिनी गार. गेटवर बन्सी आणि त्याचा जोडीदार हबीब, दोघंच. साहेबांनी जाताना सांगितलेलं, उद्यापासून कॅन्टीन चालू करायचंय, रात्री मोटार लावून खालच्या हौदातलं पाणी वरच्या टाकीत चढवून ठेव. तेवढंच काम. बटण दाबायचं आणि यायचं.

बन्सी बॅटरी घेऊन निघाला. मोटारीचं बटण कॅन्टीनच्या मागच्या भिंतीला. पाऊस थांबलेला, पत्र्यावरनं थेंब तेवढे पडत होते. कॅन्टीनजवळ आला, तर आत नळ चालू.

सारजाबाईला दवाखान्यात नेल्यापासून कॅन्टीनला कुलूप. किल्ली बन्सीच्याच खिशात. मग आत कोण? त्याला आधी हबीबचाच संशय आला. फोन लावला.

"हबीब, कुठंयस तू?"

"गेटपेच हूँ भई, किधर जाऊंगा? क्यों?"

"काय नाय."

मग त्याच्या डोक्यात दुसरंच आलं. कुणीतरी आजारी कामगार लपलाय. घरी धाडू नये म्हणून मागच्या खिडकीतनं आत शिरलाय, आणि आता सगळं बाटवतोय. बन्सीला भीती नाय वाटली. राग आला. कुलूप काढलं, दार ढकललं.

बेसिनपाशी कुणीतरी उभं होतं. पाठमोरं. डोक्यावरनं पदर. हात धूत होतं. साबण चोळायचं, पाण्याखाली धरायचं, पुन्हा चोळायचं...

"कोण हाय?"

हात चोळल्याचा आवाज तेवढा.

"ऐकू येत नाय का? इकडं बघ!" बन्सीनं बॅटरी वर उचलली. आणि सवयीनं, रोजच्या सवयीनं, तोंडातनं निघून गेलं...

"डोळे दाखव."

नळ बंद झाला.

ती वळली. हळूहळू. उजेड चेहऱ्यावर पडला.

डोळे पिवळे नव्हते.

पांढरे होते. नुसतेच पांढरे. आत बुबुळ नव्हतं...

बन्सीच्या हातातनं बॅटरी पडली. अंधार. तो भिंतीला चिकटला. श्वास घेईना. कुणीतरी जवळनं गेलं. ओल्या हातांचं पाणी त्याच्या पायावर टपटपलं. मागच्या दाराकडं...

मग बाहेर, हौदाच्या बाजूला... दगडावर दगड घासल्यासारखं. घर्रर्र...

आणि काहीच नाय.

किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाय. कशीतरी बॅटरी चाचपून घेतली. पळायचं होतं गेटकडं. पण मोटारीचं बटण आठवलं, हौदाकडचा तो आवाज आठवला, आणि त्याचे पाय थांबले. तो मागं गेला.

हौदाचं झाकण बाजूला सरकलेलं. सिमेंटचं झाकण, पहार घालून तीन गडी लागतात. आतनं वास आला. नाक फाटावं असा. बन्सीनं उजेड खाली सोडला. हौद काठोकाठ भरलेला. आणि एका कोपऱ्यात भिंतीच्या भेगेतनं काळं पाणी येत होतं. बुडबुड... बुडबुड... पलीकडनं संडासाचा पाइप जातो, तो फुटला होता.

हेच पाणी सगळे पीत होते. हेच तो आता वर चढवणार होता.

त्यानं बटणाची वायरच उपटली. हबीबला हाका मारल्या. हबीबनं येऊन वाकून पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "या अल्ला... बिचारी सारजाबाई."

दिवस उजाडला तसे साहेब आले, आरोग्य खात्याची माणसं आली, पाणी तपासायला नेलं. पाइप बदलला, हौद उपसला. त्यानंतर कारखान्यात एकही माणूस पडला नाय. सारजाबाईच्या भाच्याला बोलावून साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, तुझ्या मावशीचा दोष नव्हता. लोक खाली मान घालून उभे राहिले. बन्सी सगळ्यात मागं.

पण नोकरी त्यानं त्यापायी नाय सोडली.

हौद धुताना गड्यांनी ते झाकण उलटं केलं. खालच्या अंगाला शेवाळ, बोटभर जाड, हिरवंगार. आणि त्या शेवाळात बोटं ओढल्याचे माग. दोन्ही हातांचे. आतनं वर ढकलताना उमटावेत तसे.

ब्लिचिंगनं झाकण घासलं, पुन्हा बसवलं. हबीब अजून तिथंच असतो. मागच्या पावसाळ्यात हौद साफ करायला त्यानं ते उलटवलं होतं. म्हणाला, नवं शेवाळ सगळीकडं धरलंय.

त्या बोटांच्या जागी... नाय.