क्लच नसलेली गाडी

वडाळे तलावाच्या कडेला स्कूटर लावून मनस्वी भाजलेल्या कणसाची वाट बघत उभी होती. गणपती नुकतेच गेले होते, पाऊस आला-गेला करत होता. तेवढ्यात वरच्या उतारावरून एक भलीमोठी, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची जुनी मोटार अगदी सावकाश, रुबाबात खाली येऊ लागली. आत कोणीच नव्हतं. मागून उघडी छत्री सांभाळत एक तरुण धावत होता.

"बाजूला व्हा! अहो, बाजूला!"

मनस्वी बाजूला झाली. स्कूटर कशी होणार? मोटारीने स्कूटरला हलकेच आडवं केलं आणि फुटपाथला टेकून थांबली.

"ब्रेक नाहीत का हिला?"

"आहेत ना."

"मग?"

"ब्रेक मारायला... आत कोणी नव्हतं." त्याने धापा टाकत स्कूटर उभी केली. "सॉरी. मी मिथुन. छत्री घ्यायला उतरलो आणि ही निघालीच."

"पीमध्ये, पार्किंगला टाकली नव्हती?"

"यात पी नाहीच."

मनस्वीने खिडकीतून आत डोकावलं. स्टिअरिंगखाली एक बारीक दांडी होती आणि तबकडीवर चारच अक्षरं — एन, डी, एल, आर. खाली पेडल दोनच. ती क्षणभर स्कूटर विसरली.

"ऑटोमॅटिक? इतकी जुनी?"

"एकोणीसशे पन्नासची. आजोबांची होती. हायड्रामॅटिक म्हणायचे ते. मला एवढंच माहीत आहे."

घरी आल्यावर मनस्वीला चैन पडेना. फिजिक्समध्ये एमएस्सी झालेली मुलगी, एखादी गोष्ट कशी चालते ते कळेपर्यंत तिला घास गोड लागत नसे. स्कूटरचं काही बिघडलं असलं तर कळवा, म्हणून मिथुनने नंबर दिला होता; संध्याकाळी तिने त्यावर मेसेज केला, 'आधी इंजिन बंद करायचं, मग दांडी आरमध्ये (रिव्हर्स) टाकायची. आतले गिअरच चाकं अडकवून ठेवतात. त्या काळच्या या गाड्यांत पी नसायचा.'

लगेच उत्तर आलं, 'मला वाटलं, मॅडम, स्कूटरवरून भांडायला मेसेज केलात. तुम्ही तर शिकवणी सुरू केलीत. फी काय?'

फी काय मागायची, ते तिच्या मनात दुपारपासून होतं.

तिचे बाबा काशिराम. न्हावा शेवाच्या रस्त्यावर त्यांनी उभी हयात ट्रेलर चालवला. दोन वर्षांपूर्वी यार्डात अपघात झाला आणि डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. मनस्वीने त्यांना नवी ऑटोमॅटिक गाडी दाखवायला नेलं होतं. तिथला विक्रेता हसून म्हणाला, "अपंगांसाठी बेस्ट आहे, काका." बाबा उतरले ते पुन्हा कुठल्याही गाडीच्या पुढच्या सीटवर बसले नाहीत. आता ते ओटीवर बसून हायवेवरून येणारा आवाज ऐकत आणि पुटपुटत, "आता तिसरा गिअर टाकाय पायजे होता गो त्याने..."

"माझ्या बाबांना एकदा ती गाडी चालवू द्याल?" तिने दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलं.

"एकदा कशाला, शंभरदा. पण ती चालत नाही. काल टेम्पोला बांधून आणली होती."

"काल तर चालली!"

"उतारावर कोणीही चालतं, मनस्वी."

ती हसली. आणि त्याने 'मॅडम' सोडून आपलं नाव घेतलं, हे तिला जरा उशिराच लक्षात आलं.

मिथुनचं जुन्या बाजारात हार्डवेअरचं दुकान होतं आणि गाडी मागच्या गोडाऊनमध्ये असायची. मनस्वी दर रविवारी तिथे जाऊ लागली. 'तुम्ही'चं 'तू' झालं. गाडी मात्र ढिम्म. पुढे जायला डीमध्ये टाकली की इंजिन नुसतं गुरगुरे, चाकं जागची हलत नसत.

"क्लच नाही, मग इंजिन चाकांना ओढतं कसं?" एका रविवारी त्याने विचारलं.

मनस्वीने दुकानातले दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला. दुसऱ्याची पातीही हळूहळू फिरू लागली.

"गाडीत हवेऐवजी तेल असतं. एक चक्र तेल फेकतं, समोरचं त्या तेलाने फिरतं."

"म्हणजे... एकमेकांना हात न लावता?"

"हो."

"बिचारे!"

"बिचारे काय त्यात? आणि दुसरं चक्र नेहमी थोडं हळू फिरतं बरं का. दोन्ही अगदी सारख्या वेगाने फिरली, तर जोर पोचतच नाही."

"मग मी थोडा मागे राहिलेला चालेल तर. किती मागे राहू?"

"मिथुन, गाडीबद्दल बोल."

"गाडीबद्दलच बोलतोय." त्याने पंख्याकडे बघत विचारलं, "बरं, मधे तेलच नसेल तर?"

"तर नुसता आवाज. समोर काहीच..."

दोघंही एकदम गाडीकडे वळले. त्यांच्या गाडीचं दुखणं हुबेहूब हेच तर होतं!

"पण तेल आहे," मिथुन म्हणाला. "मी दर वेळी बघतो. मापाची पट्टी वरच्या खुणेपर्यंत भिजलेली असते."

"इंजिन बंद असताना बघतोस?"

"मग? सगळे तसंच बघतात."

"अरे, बंद असताना चक्रातलं तेल गळून खाली ट्रेमध्ये येतं, म्हणून भरलेलं दिसतं. आता चालू करून बघ."

त्याने इंजिन चालू केलं, थोडं गरम होऊ दिलं आणि पट्टी ओढली. टोकाला जेमतेम ओल होती. तेल भरलं, दांडी डीमध्ये टाकली, आणि ती हिरवी गाडी गोडाऊनच्या दाराकडे सरकली. मिथुनने आनंदाच्या भरात मनस्वीचा हात धरला. दोघांचे हात तेलाने माखलेले होते. सोडायची घाई मात्र कोणीच केली नाही.

पुढच्या रविवारी मिथुनने गाडी त्याच्या मित्राच्या, भिंत घातलेल्या रिकाम्या प्लॉटवर नेली. मनस्वी बाबांना रिक्षाने घेऊन आली. बाबा कुबड्यांवर रेलून दुरूनच गाडी बघत राहिले.

"मी काय पेशंट नाय. मना नको असली गाडी."

"पेशंट ही आहे, काका," मिथुन म्हणाला. "हिला ड्रायव्हर नाही. माझ्या हातात आली की ही तलावाकडे पळते. विचारा हिला."

बाबांनी लेकीकडे बघितलं. "खरा हाय का गो बाय?"

"माझी स्कूटर पाडलीन ना त्याने!"

बाबा हसले. कुबड्या तिच्या हातात देऊन आत बसले. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, आणि त्यांची डावी मांडी नकळत उचलली गेली. जो पाय नव्हता, तो नसलेला क्लच शोधत होता. मिथुन खिडकीशी वाकून नुसता उभा राहिला. एक शब्द बोलला नाही.

मग मांडी खाली टेकली. दांडी डीवर गेली. गाडी निघाली.

"दुसरा..." आतून बाबांचा आवाज आला. एक बारीक हिसका. "तिसरा... आयला, न सांगता टाकते रं ही!"

काचेवर पावसाचे थेंब होते आणि काचेमागे बाबांचा चेहरा. दोन वर्षांत न दिसलेला.

"मिथुन," मनस्वी म्हणाली. "तुला माहीत नाही तू काय केलंस."

"थांब. पुढे बोलू नकोस." तो दुसरीकडे बघू लागला. "मला तुला काही विचारायचं होतं. कधीपासून. पण आज नाही विचारणार. आज तू कशालाही हो म्हणशील."

मनस्वी विचारात पडली. बोलला ते खोटं नव्हतं. छातीत दाटून आलेलं हे सगळं नक्की काय होतं? उपकाराची जाणीव, की...

"मग आधी आभार मानून टाकते," ती म्हणाली. "पुरते मानते, काही राखून ठेवत नाही. माझे बाबा आज ड्रायव्हर झाले. तू त्यांना हात दिला नाहीस, सल्ला दिला नाहीस, नुसती गाडी दिलीस आणि गप्प उभा राहिलास. जन्मभर विसरणार नाही. थँक यू, मिथुन. झाले आभार. आता बघू दे, काय उरतंय."

ती खरोखरच बघत होती — त्याच्या भिजलेल्या केसांकडे, गोंधळलेल्या डोळ्यांकडे.

"उरतंय," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"पुढचा रविवार. गाडीत बिघाड नसेल, बाबांचं काम नसेल, मला यायला काहीच कारण नसेल... तरी मला यायचंय. तुझ्याकडे."

मिथुनने मान हलवली, दोनदा, तीनदा, आणि मग तोही हसला, तीही.

गाडी वळण घेऊन त्यांच्यासमोर आली. बाबांनी वेग कमी केला, दोघांकडे एकदा नीट पाहिलं, आणि न थांबता हॉर्न वाजवून आणखी एका फेरीला निघून गेले.