त्रेचाळीस नंबरचा बिल्ला

गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते. चाकण, महाळुंगे, सगळीकडेच. कंपन्यांना सुट्टी असते, रस्त्यावर कंटेनर कमी असतात, आणि एरवी कानांना सवयीचा झालेला तो घरघराट सकाळीच बंद पडतो. मी सांगणार आहे ते त्या शांततेत घडलं, भर दुपारी. रात्री घडलं असतं तर मी स्वतःची समजूत घातली असती.

मी इथल्या एका खाजगी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बॅग काउंटरवर काम करतो. शाळा मी आठवीत सोडली, त्यामुळे पुस्तकांच्या बाजूला मी दारापर्यंतच. मुलं-मुली येतात, सॅक देतात. मी ती खणात ठेवतो आणि त्या खणाच्या नंबरचा बिल्ला देतो. जाताना बिल्ला द्यायचा, सॅक न्यायची. बिल्ला नाही तर सॅक नाही, मग कुणी कितीही ओळखीचं असो. मला फार बोलता येत नाही, म्हणून हे काम मला बरं वाटतं.

ही इमारत ग्रंथालयासाठी बांधलेली नाही. पूर्वी इथे एका कंपनीचं प्रेस शॉप होतं, पत्र्याचे भाग कापायचं. रीडिंग हॉलमध्ये मान वर केली तर छतालगत क्रेनचा गर्डर दिसतो, आता त्याला आकाशी रंग दिलाय. मोठ्या प्रेससाठी खणलेल्या खड्ड्याचं तळघर केलंय. कंपनी बंद पडली, विद्यापीठाने शेड घेतली, तेव्हा एका पोत्यात कामगारांच्या हजेरीचे पितळी बिल्ले सापडले. एक ते एकशेवीस. आमच्या ग्रंथपाल प्राजक्ता मॅडम म्हणाल्या, चांगले आहेत, वाया कशाला घालवायचे. तेच बिल्ले खिशात घालून आता मुलं अभ्यासाला बसतात.

पोत्यात एकच बिल्ला नव्हता. त्रेचाळीस. त्यामुळे त्रेचाळीसचा खण रिकामा असायचा. तो बिल्ला कुठे आहे हे मला माहीत होतं. आईच्या पत्र्याच्या पेटीत, बाबांच्या फोटोखाली.

माझे बाबा, ज्योतीराम, लातूरकडून इथे आले आणि याच शेडमध्ये प्रेसवर लागले. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. हात आत राहू नये म्हणून ती सोय. पण सुपरवायझर दादासाहेबांना नग वाढवून हवे होते. त्यांनी एक बटण तार बांधून कायमचं दाबून ठेवायला लावलं. म्हणजे एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण मारायचं. बाबा घरी जेवताना हे सांगायचे आणि उजवा हात उघडून बघायचे.

अकरा वर्षांपूर्वी एका गुरुवारी, जनरेटरवर ओव्हरटाइम चालू असताना, तो हात मनगटापर्यंत आत राहिला. सुट्टीचा वार म्हणून गेटला कुलूप होतं आणि किल्लीवाला जेवायला गेला होता. बाबा गेटपाशीच गेले.

तेराव्यानंतर दादासाहेब एक कागद घेऊन घरी आले. सोबत दोन माणसं. आईला वाचता येत नाही. ती मला म्हणाली, "काय लिव्हलंय रे, वाच की." मी वाचलं. सुपरवायझरची मनाई असताना कामगाराने स्वतःच्या हाताने बटणाला तार बांधली, असं लिहिलं होतं. मी तेरा वर्षांचा होतो. तिन्ही माणसं माझ्याकडे बघत होती. मला घाम फुटला. मी म्हणालो, "काही नाही, बाबांचं नाव आहे."

आईने अंगठा केला. त्याखाली दादासाहेबांनी माझ्याकडून लिहून घेतलं : वाचून दाखवले. आणि माझी सही.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. त्यानंतर वस्तीत बाबांचं नाव निघालं की लोक म्हणायचे, जरा घाईच नडली त्याला. आई मान खाली घालायची. आणि पुढे विद्यापीठात इस्टेट मॅनेजर झालेल्या दादासाहेबांनीच मला इथे चिकटवलं. पोरगा गरीब आहे, तोंड उघडत नाही, असं ते मॅडमना म्हणाले होते.

यंदा दिवाळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी लाइट गेली. हॉलमध्ये आठ-दहा मुलं खिडक्यांजवळ सरकून वाचत होती. मला पायांखालून एक ठोका जाणवला. धप्प. ऐकू आला असं नाही म्हणणार, टाचांना कळला. थोड्या वेळाने पुन्हा. काउंटरवरचे बिल्ले खिळ्यांवर किणकिणले. मुलांपैकी कुणी मान वर केली नाही.

मी खणांकडे वळलो. त्रेचाळीसमध्ये एक पिशवी होती. खाकी कापडाची, तिचे बंद तेलाने काळे पडलेले. मशीनच्या तेलाचा तो वास मला पाठ आहे. बाबा घरात शिरायच्या आधी तो शिरायचा.

झाडलोट करणाऱ्या कुसुमताई महाळुंग्याच्या जुन्या. पूर्वी त्या कंपनीतही झाडायच्या. त्यांनी पिशवी पाहिली आणि खराटा भिंतीला टेकवला.

"कुणाची हाय, ठावं हाय ना तुला?"

मी मान डोलावली.

"मग बिल्ला आणून दे लेकरा. बिल्ल्याबिगर तू कुणाला देत न्हाईस. त्यो तरी कसा नेईल?"

संध्याकाळी लाइट आली तेव्हा खण रिकामा होता. असं तीन गुरुवार झालं. चौथ्या गुरुवारी मी आईच्या पेटीतून बिल्ला काढला, आईला न विचारता, आणि ग्रंथालयात आणून त्रेचाळीसच्या खिळ्याला अडकवला. लाइट गेली. खणात पिशवी आली. मी ती हातात घेतली, आत हात घातला. डबा नव्हता, काही नव्हतं. तळाशी फक्त तारेचा तुकडा होता, वीतभर, दोन्ही टोकं पिळलेली. तारेला मधोमध हिरवा रंग लागला होता. प्रेसचं बटण हिरवं असतं.

मी तार खिशात ठेवली. का ठेवली, ते मला सांगता येणार नाही.

त्याच दुपारी दादासाहेब काउंटरवर आले. विद्यापीठाच्या तपासणीसाठी बाहेरून समिती येणार होती. दाराशी इमारतीच्या इतिहासाचा मोठा फलक लागायचा होता. त्याचा मजकूर त्यांनी मला मोबाइलवर दाखवला. शेड कधी उभी राहिली, किती कामगार होते, ग्रंथालय कधी झालं, बुक बँक, अंध विद्यार्थ्यांसाठी वाचन कक्ष. मध्ये एक ओळ होती : पंधरा वर्षे, शून्य अपघात.

मी ती ओळ दोनदा वाचली.

"काय, शुद्धलेखन चुकलंय का?" ते हसले. "चल खाली. मॅडम कंपनीची जुनी दप्तरं स्कॅनिंगला पाठवतायत उद्या. त्यातून एक फाइल काढायचीय. तुझ्याही भल्याची आहे."

तळघरात सरकती कपाटं आहेत. रुळांवर एकाला एक चिकटून उभी. प्रत्येकाच्या तोंडाशी मोटारीच्या स्टिअरिंगसारखं चाक, ते फिरवलं की कपाट सरकतं आणि माणूस जाईल एवढी गल्ली उघडते. चाकाला स्प्रिंगचं लॉक आहे. एका हाताने लॉक दाबून धरायचं, दुसऱ्याने चाक फिरवायचं. हात काढला की लॉक आपोआप पडतं, मग आत माणूस असला तरी भीती नाही.

मी बॅटरी धरली होती, त्यामुळे एकच हात मोकळा होता. दादासाहेब वैतागले.

"असं तर संध्याकाळ होईल राव. त्या लॉकला तार बांधून टाक. एक हात मोकळा राहतो."

मी लॉककडे पाहिलं.

"तार आहे का कुठं?"

"आहे," मी म्हणालो.

खिशातली तार काढली आणि बांधली. ती नेमकी पुरली. पिळाची टोकं जुन्याच वळणावर बसली.

गल्ली उघडली. दादासाहेब मोबाइलच्या उजेडात आत शिरले, उजव्या हाताने वरच्या फळीवरचे गठ्ठे ओढू लागले. धूळ उडाली. जुन्या कागदांचा वास, आणि त्याच्या खालून हळूहळू तो दुसरा वास. मला वाटलं त्यांनाही आला असेल, कारण ते क्षणभर थांबले. मग त्यांना फाइल सापडली.

"हे बघ," ते आतून म्हणाले. आवाज खूश होता. "वाचून दाखवले. गणराज ज्योतीराम. अक्षर काय सुरेख होतं रे तुझं. शिकला असतास तर वर बसून पुस्तकं वाचली असतीस."

बॅटरीचा उजेड मी त्या कागदावर धरला.

"आईला सांगितलंस का कधी, काय वाचलं होतंस?"

धप्प.

या वेळी ठोका पायांखाली नव्हता. समोरच्या कपाटात होता. फळ्यांवरचे गठ्ठे बोटभर पुढे सरकले.

"गण्या... चाकाला हात लावू नकोस."

मी चाकापासून दोन पावलं लांब होतो. बॅटरीच्या उजेडात चाक मला दिसत होतं. ते फिरत होतं. घाई नव्हती. रोजचं काम करणारा माणूस फिरवेल तसं. आणि मग ते थांबलं. गल्ली अजून निम्मी उघडी होती. दादासाहेब आडवे होऊन बाहेर निघायला लागले. उजवा हात फाइलसकट मागे, दोन कपाटांच्या लोखंडी कडांमध्ये.

चाक माझी वाट बघत होतं. मला दुसरा शब्द सुचत नाही.

मी बॅटरी खाली टाकली आणि धावलो. डाव्या हाताने तार सोडवायला लॉक पकडलं, उजव्या हाताने चाक धरलं. वाचवायलाच धरलं. ते मी देवासमोर सांगेन. पण दोन्ही हात जागेवर पडले तेव्हा माझ्या लक्षात आलं... दोन्ही हात जागेवर पडल्याशिवाय प्रेसचा ठोकळा खाली येत नाही.

धप्प.

दादासाहेब ओरडले नाहीत. नुसतं, "अरे," म्हणाले. जसं कुणीतरी ओळखीचं अचानक दिसावं.

ते जगले. उजवा हात मनगटापर्यंत गेला. दवाखान्यातून घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपून असतात आणि गुरुवारी कुणालाही खोलीचं दार लावू देत नाहीत, असं कुसुमताईंनी सांगितलं. फाइलचा कागद तेलाने भिजून काळा झाला होता. मजकूर गेला, आईचा अंगठा गेला. खाली चार शब्द तेवढे कोरडे राहिले. वाचून दाखवले, आणि माझं नाव.

फलकावरची ती ओळ मॅडमनी काढून टाकली. मला वाटलं, संपलं. बाबांना सूड घ्यायचा होता, तो घेतला. खोटं कशाला सांगू, मला बरंही वाटलं. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

मग या सोमवारी विद्यापीठाच्या ऑफिसात मला बोलावलं. तिथे छापलेला कागद तयार होता. इस्टेट मॅनेजर यांनी ग्रंथालय कर्मचाऱ्याची मनाई असताना स्वतःच्या हाताने लॉकला तार बांधली. खाली साक्षीदार म्हणून माझ्या सहीची जागा. समोर तीन माणसं बसली होती. मी सगळं वाचलं. मला घाम फुटला. तार मी बांधली होती, त्यांच्या सांगण्यावरून, पण माझ्या हातांनी. ती कुठून आली ते मला माहीत होतं. आणि मनाई तर मी आयुष्यात कुणालाच केलेली नाही.

मी सही केली.

बाहेर आलो, रुमालासाठी खिशात हात घातला, तर आत बिल्ला होता. त्रेचाळीस. हातात धरवत नव्हता इतका गरम. मी तो खिळ्याला अडकवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खिशात. इंद्रायणीत टाकून आलो. आंघोळीला शर्ट काढला तर तो खिशातून खाली पडला.

म्हणून हे लिहितोय. दोन्ही कागद खोटे होते. पहिल्यात बाबांची चूक नव्हती, दुसऱ्यात एकट्या दादासाहेबांची नव्हती. दोन्ही वेळा मी वाचलं होतं, मला कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. हे पान मी आज प्राजक्ता मॅडमच्या टेबलावर ठेवणार आहे, आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. आधीच लिहायला हवं होतं. आता लिहून घेतो, हात आहेत तोवर.

आज गुरुवार आहे. लाइट आत्ताच गेली. काउंटरवर बसूनच हे लिहितोय. मघाशी त्रेचाळीसच्या खणात पिशवी आली. मी ती उघडली. या वेळी आत तार नाही, डबा आहे, बाबांचा जुना, कडी वाकलेला. डबा गरम आहे. आत शेपूची भाजी आणि दोन भाकरी. आज सकाळी आईने मलाही शेपूच दिली आहे. माझा डबा माझ्या पायाशी आहे, अजून उघडलेला नाही.

मी आईला फोन लावला. विचारलं, सकाळी डबे किती भरलेस?

"दोन," आई म्हणाली. तिचा आवाज कितीतरी वर्षांनी हसरा होता. "तूच तर दारातून सांगितलंस ना रे, बाबा बी आलेत म्हणून. आज तुला संगट घेऊन जातो म्हणाले."