उतरणीवरचा आवाज

शार्दूलचे रविवारचे फोन आखूड होऊ लागले, तेव्हा केतकीबाई सरनोबत पलंगावर बसून मनगटावरच्या हृदपट्टीकडे बघत राहिल्या. आकडा थोडा वर चढला होता, पण लाल झाला नव्हता. म्हणजे सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. आपला एकुलता एक मुलगा या जगात नाही, असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

हे वाटणं काही वेडेपणाचं नव्हतं. त्या काळात कोल्हापुरातल्या कुठल्याही शहाण्या बाईला तेच वाटलं असतं.

पूर्वी आपल्याकडे घरात कुणी गेलं, की परगावच्या लेकीला निरोप जायचा, 'बाबांची तब्येत जरा जास्त आहे, निघून ये.' गेले असं कुणी म्हणायचं नाही. लेकीला एसटीत बसल्या बसल्या कळायचंच, पण कळायला वाटेतले चार तास मिळायचे. त्या चार तासांत केवढं शहाणपण होतं, हे विज्ञानाला फार उशिरा उमगलं.

अचानक मोठं दुःख कोसळलं, की शरीर ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा रक्तात सोडतं. काही माणसांचं, त्यातही उतारवयातल्या बायकांचं हृदय त्या लोंढ्याने सुन्न पडतं. रक्तवाहिन्या स्वच्छ असतात, कुठे गुठळी नसते, तरी हृदयाचा खालचा भाग गाडग्यासारखा फुगून बसतो आणि रक्त पुढे ढकलेनासा होतो. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. काही होत नाहीत.

केतकीबाईंचे यजमान पन्हाळ्याच्या रस्त्यावर अपघातात गेले, ते एका हवालदाराने फोनवर एका वाक्यात सांगून टाकलं. पोरगा नवा होता, त्याला बिचाऱ्याला रीत ठाऊक नव्हती. केतकीबाई फोन हातात धरून खाली बसल्या, त्या शुद्धीवर आल्या दवाखान्यात. नवऱ्याला अग्नी दिला तेव्हा त्यांच्या नाकाला नळी होती. तेव्हापासून त्यांची नोंद 'कोवळं काळीज' अशी झाली, आणि कोवळ्या काळजाच्या माणसाला मरणाची बातमी एकदम सांगणं कायद्याने बंद होतं.

अशांसाठी 'उतरण' होती. गेलेल्या माणसाच्या साठवलेल्या बोलण्यातून यंत्र त्याचा आवाज, त्याच्या लकबी, अगदी त्याचं हुंकार भरणंसुद्धा हुबेहूब उभं करी. याला छायास्वर म्हणत. हा छायास्वर नेहमीच्या वेळी घरी फोन करत राही. आधी पूर्वीसारखाच, मग थोडा आखूड, मग बोलण्यात बारीकसं दुखणं, मग एखादा चुकलेला फोन. प्रत्येक पायरीला हृदपट्टी ऐकणाऱ्याच्या काळजावरचा ताण मोजी. आकडा खाली येऊन स्थिरावला, की पुढची पायरी. शेवटी एक दिवस डॉक्टर घरी येऊन खरं काय ते सांगत. माणूस रडे, पण जगे. हजारो जीव त्यामुळे वाचले, हे नाकारून चालणार नाही. फक्त फोनवर बोलणारा माणूस जिवंत आहे याची खात्री मात्र कुणालाच उरली नाही.

शार्दूल महासागराच्या तळाशी, खनिजं काढणाऱ्या ठाण्यावर कामाला होता. तिथल्या दाबाला शरीर सरावायला आणि पुन्हा वर आणायला इतका वेळ लागे, की खाली गेलेला माणूस वर्ष-दीड वर्ष वर येत नसे. एवढ्या पाण्यातून चित्र पोचत नसे. पोचे तो नुसता आवाज.

शेजारच्या शमा आत्तार संध्याकाळी भाजी निवडायला येऊन बसत. त्यांचा भाऊ दुबईत वारला होता आणि त्यांनी सबंध उतरण काढली होती.

"काय म्हणतोय शार्दूल?" त्यांनी विचारलं.

"काम लई वाढलंय म्हणाला. आणि सर्दी झालीय."

शमाबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "आमचा सलीम बी आधी काम लई हाय म्हणाला," त्या सावकाश बोलल्या. "मग म्हणाला, खोकला झालाय. मी म्हटलं, आलं चाव. तीन महिने मी मेलेल्या भावाला आलं चाव म्हणत होते, केतकीताई."

दोघींनी पुन्हा जुड्या हातात घेतल्या. मेथी निवडून झाली.

दुसऱ्या दिवशी केतकीबाई हृदयतज्ज्ञ डॉक्टर हिमानी कर्णिकांकडे गेल्या. यजमान गेले तेव्हा याच बाईंनी त्यांना वाचवलं होतं.

"डॉक्टर, एकच सांगा. माझं पोरगं हाय का न्हाई?"

"केतकीताई, ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे न्हाई."

"म्हणजे सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे बघा, ज्यांची माणसं सुखरूप आहेत त्यांना मी 'आहे' असं सांगायला लागले, तर ज्यांना मी सांगणार नाही त्यांना त्याच क्षणी कळेल. आणि त्यातलं एखादं हृदय इथंच, या खुर्चीत फुगेल. म्हणून आम्ही कुणालाच काही सांगत नाही. पट्टीचे आकडेही आम्ही कुणाचे, कशासाठी बघतो ते बोलत नाही."

"आणि तो जिता असंल तर? मी उगंच झुरत बसायचं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "झुरण्याला आमच्याकडे औषध आहे. धक्क्याला नाही."

केतकीबाईंना हे उत्तर पटलं नाही. त्या उठून निघाल्या. वाटेत त्यांना एक युक्ती सुचली. छायास्वराला फोनवर बोललेलं सगळं ठाऊक असतं. मग जे फोनवर कधीच बोललो नाही, ते विचारायचं.

शार्दूल लहान असताना त्या त्याला गंगावेशीत दूध प्यायला नेत. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असत आणि समोर धार काढून फेसाळ पेला हातात मिळे. शार्दूल दर वेळी रडून गोंधळ घाली. का, ते फक्त मायलेकांना माहीत होतं.

रविवारी फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "गंगावेशीत दूध प्यायला गेलो, की तू का रे रडायचास?"

पलीकडे पाण्याची खरखर आली. "रडायचो? मी?"

"आठव की जरा."

"काय आठवत नाही, आई. दूध आवडत नसेल. बरं, ठेवू का? पाळी सुरू होतेय."

केतकीबाईंनी फोन ठेवला. जे माहीत नसतं, त्याला छायास्वर 'आठवत नाही' म्हणतो, हे शमाबाईंनी सांगितलेलंच होतं. आता पोरं आईचे प्रश्न पाळीच्या घाईत अर्धेमुर्धे ऐकतात, काम वाढलं की फोन आटतात, सर्दी काय कुणालाही होते. हे सगळं त्यांनाही कळत होतं. पण जिवंत पोराचं दुर्लक्ष आणि मेलेल्याची उतरण यांत फरक ओळखावा कसा, हे कुणीच शिकवलेलं नव्हतं.

त्यांनी ठरवलं. सरकारने सांगायची वाट बघायची नाही, आपलं दुःख आपण करायचं. त्यांनी शार्दूलची सायकल शमाबाईंच्या नातवाला दिली. दिवाळीत चकल्या केल्या, पण त्याच्या वाट्याच्या बाजूला काढल्या नाहीत. त्याची खोली झाडली आणि तिथे शिवणयंत्र ठेवलं. दर रविवारी फोन येई, त्या प्रेमाने बोलत, आणि ठेवल्यावर पोटभर रडत. पट्टीवरचा आकडा चढे, उतरे, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडा खालीच थांबे. कोवळं काळीज निबर होत होतं. एका सकाळी त्यांनी गच्चीवर भाताचा पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. मागे काही इच्छा राहिली नाही, असं त्यांनी मानलं. कावळ्यालाही भूक असतेच म्हणा.

दिवाळी गेली, थंडी वाढली. रडू येईनासं झालं. शार्दूलची आठवण आता फोटोतल्या माणसासारखी येई. गोड, पण काही न मागणारी.

आणि संक्रांतीच्या आदल्या दुपारी शार्दूल दारात उभा राहिला.

तो वाळला होता, दाढी वाढली होती, हातात तिळगुळाचा पुडा होता. "ठाण्यावर बिघाड झाला, सगळ्यांनाच वर काढलं. अचानक येऊन तुला चकित करायचं होतं. फोनवर धड बोलत नाही म्हणून रागावली असशील, ना?"

केतकीबाईंनी त्याला ओळखलं. तो खरा होता, यात शंका नव्हती. त्यांनी पाणी दिलं, भाकरी थापली, तांबडा रस्सा वाढला. आता छाती भरून येईल, मग येईल, म्हणून त्या वाट बघत राहिल्या. पट्टीवरचा आकडा शांत होता, एखादा वायरमन मीटर बघून गेल्यावर असावा तेवढाच.

"आई," घास हातात धरून शार्दूल म्हणाला, "ते गंगावेशीतलं मला नंतर आठवलं. धार काढायच्या आधी रेडकाला आईपासून ओढून बाजूला बांधायचे. म्हणून रडायचो मी."

"हो," केतकीबाई म्हणाल्या. "रस्सा वाढू?"

सात-आठ महिन्यांपूर्वी या एका वाक्यासाठी त्यांनी जीव ओवाळून टाकला असता.

चार दिवस असे गेल्यावर त्यांनी डॉक्टर कर्णिकांना गाठलं. "माझं पोरगं जितं घरी आलंय आणि मला काहीच होईना, डॉक्टर. मी आई हाय का कोण?"

डॉक्टरांनी पट्टीचे जुने आकडे काढून बघितले. "तुम्ही पूर्ण उतरण उतरलात, केतकीताई. एकटीने. हृदयाने शार्दूलचं सगळं दुःख उरकून टाकलं. इथून परत वर चढायची वाट आम्हाला माहीत नाही. तुम्ही पहिल्या नाही."

"मग आता?"

"तुमच्या जिवाला काहीच धोका नाही. मला काळजी आहे ती शार्दूलची." त्यांनी दुसरा आलेख पुढे सरकवला. समुद्रतळाच्या लोकांना पट्टी सक्तीची असे, आणि शार्दूलचा आकडा चार दिवस लाल होता. "आईच्या घरात आपण परके झालो, हे त्याच्या शरीराला कळलंय. त्याला अजून शब्दांत सांगता येत नाही. महिन्याने तो पुन्हा खाली जाईल. तिथे त्याचं हृदय फुगलं, तर वर आणेपर्यंत उशीर झालेला असेल."

"मी गोड बोलीन की त्याच्याशी. नाटक करीन."

"चार दिवस तेच केलंत ना?"

खरं होतं ते. त्यांनी त्याच्या केसांतून हात फिरवला होता, पुरणपोळी केली होती, आणि तो रोज थोडा थोडा खचत गेला होता.

"तुमचं जुनं बोलणं आमच्याकडे साठवलेलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तो लहान असल्यापासूनचं. त्यातून छायास्वर करता येईल. तुम्ही पूर्वी बोलायचात तसा. मग हळूहळू उतरण. ठाण्यावरच्या सगळ्यांची संमती घेतलेलीच असते. तुमची लागेल."

"पण मी मेले न्हाई, डॉक्टर."

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी संमतीचा कागद केतकीबाईंच्या हाती दिला.

शार्दूल निघाला त्या सकाळी उंबऱ्यात वाकून तो त्यांच्या पाया पडला. त्याचे डोळे भरले होते. "आई, येतो. या वेळी फोनवर निवांत बोलेन, दर रविवारी. एकही चुकवणार नाही."

"ये बाळा," त्या म्हणाल्या. तो वळणाआड गेल्यावर आत येऊन त्यांनी संमतीला अंगठा लावला. त्याला जगवायचं होतं, एवढं त्यांना अजून कळत होतं. आई असण्यातलं तेवढंच त्यांच्यापाशी उरलं होतं, आणि ते त्यांनी देऊन टाकलं.

पहिल्या रविवारी नेहमीच्या वेळी त्या पलंगावर येऊन बसल्या. फोन वाजला नाही. तो वाजणारच नव्हता. ठाण्याहून निघालेला कॉल आता दुसरीकडे वळत होता. तिथे, समुद्राच्या तळाशी, जेवलास का, सर्दी गेली का, केस कापलेस का, असं त्यांचाच भरल्या गळ्याचा आवाज शार्दूलला विचारत असणार, आणि लाल आकडा खाली येत असणार. शमाबाई मेथी घेऊन आल्या.

"आला का फोन?"

"झालं बोलून," केतकीबाई म्हणाल्या, आणि जुडी सोडायला घेतली.