अण्णांचा माइक

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे, आणि साडू काही थापा मारणाऱ्यातला नाही. एका दमात दोन वाक्यं बोलला, तर मेहुणी आम्हाला फोन करून कळवायची, इतका अबोल माणूस.

महापालिकेच्या सभागृहात माइक सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. वर काचेची केबिन. समोर बोर्ड. खाली कुणाला बोलायचं असलं की त्याच्या खुर्चीचा लाल दिवा बोर्डावर लागायचा. साडूनं बटण दाबलं की आवाज सुरू, परत दाबलं की बंद. नोकरी कंत्राटी, पण तीही अण्णांनी लावून दिलेली. अण्णा म्हणजे आमच्या गिरणीतले विणकर. गिरणी बंद पडल्यावर नगरसेवक झाले. साडूचे वडील आणि ते शेजारशेजारच्या मागावर.

तुम्हा पोरांना गिरणी म्हणजे ती थंड चिमणी, एवढंच ठाऊक. आत मागांचा असा दणका असायचा की कानाशी ओरडलं तरी कळत नसे. आम्ही आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचो. घरी आलो तरी खोड जायची नाही. साडू लहानपणीच बापाचे ओठ वाचायला शिकला.

तर गेल्या वर्षी गिरणीची जागा बिल्डरच्या घशात घालायचं ठरलं. जागेबरोबर कामगारांच्या खोल्याही. सभेत अण्णा उठले. म्हणाले, त्या खोल्यांत माणसं राहतात. महापौरांनी मानही न वळवता दोन बोटं वर केली. म्हणजे माइक बंद कर. साडूनं बटण दाबलं.

अण्णांचे कान मागावरच गेलेले. आपला आवाज पोचत नाहीये, हे अण्णांना कळलंच नाही. हातवारे करून बोलत राहिले. लोक हसायला लागले तेव्हा थांबले, आणि वर काचेकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं साडू म्हणतो.

त्याच आठवड्यात अण्णा झोपेतच वारले.

त्या दिवशी गोंधळात लांबलेला ठराव नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी परत आला. गुरुवारी संध्याकाळी पालिकेतल्या साहेबांचा फोन आला, की उद्या टीव्हीवाले येणार आहेत, माइक तपासून ठेव. साडू जेवून, पान खाऊन निघाला. पहारेकऱ्यानं कुलूप काढून दिलं आणि तो चहा टाकायला खाली गेला.

साडूनं एकेक माइक टिचकी मारून तपासला. अण्णांच्या जागी अजून कुणी निवडून आलेलं नव्हतं. तो माइक त्यानं सोडला. वर केबिनमध्ये आला. बोर्ड सगळा काळा.

एक दिवा लागला.

त्यानं बोर्ड बंद-चालू करून तो विझवला. परत लागला. वायर सैल असेल, म्हणून टेबलाखाली वाकून पाहिलं. वायर घट्ट होती. तो उठला. काचेतून खाली पाहिलं...

अण्णांच्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं.

तोंड वर, केबिनकडे. ओठ हलत होते. आवाज नाही. नुसते ओठ...

साडूला वाचायचं नव्हतं. पण वाचता येणाऱ्याला न वाचणं जमतं का?

'सुरू कर.'

परत तेच. 'सुरू कर, बाळा.'

त्याचं बोट बटणावर होतं. नुसतं दाबायचं. त्याला महापौर आठवले. नोकरी आठवली. बोट मागे आलं. तो म्हणाला, "माझ्या हातात काही नाही, अण्णा."

खुर्चीतले ओठ थांबले.

मग बोर्डावर शेजारचा दिवा लागला. त्याच्या शेजारचा. ओळच्या ओळ. खुर्च्या रिकाम्या... आणि बोर्ड सगळा लाल.

पहारेकरी चहा घेऊन वर आला, तेव्हा साडू बोर्डापाशी बसलेला. तोंड उघडं. हाक मारली तर ओठ हलले. आवाज आला नाही. तो आजतागायत आलेला नाही.

सकाळी ठराव मंजूर झाला. चर्चा नाही, नुसते हात वर. खोल्या आता नाहीत, तिथे पत्रे ठोकलेत. साडूनं हे सगळं मला ओठांनीच सांगितलं, दार लावून घेऊन.

दवाखान्यात मी बरोबर होतो. घशाच्या डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं. म्हणाला, घसा ठणठणीत आहे. मग परत वाकला. नर्सकडे चिमटा मागितला.

घशात सूत होतं. मागावर चढवतात तसं, पीळ दिलेलं, पांढरं. कोरडं. डॉक्टर ओढत गेला... ट्रेमध्ये ढीग झाला... संपेना. साडूचा श्वास कोंडायला लागला, तेव्हा डॉक्टरनं ते कात्रीनं कापलं.

दुसरं टोक अजून आतच आहे.