तळघरची दुसरी बाजू

आनंदने नागपूरहून सुई आणली होती, एवढंच निमित्त होतं.

रेकॉर्ड प्लेअरची सुई भिलाईत मिळत नाही. माझ्याकडची जुनी बोथट झाली होती, पण गेलं दीड वर्ष मी प्लेअरचं झाकणच उघडलं नव्हतं, त्यामुळे बदलायची घाई नव्हती. आनंदने ग्रुपवर सुईचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'संडे, तीन बजे. सर, मना मत करना.' ग्रुपमध्ये आम्ही तिघंच. आनंद, शालिकराम आणि मी.

मी चरोद्याला शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. आनंद स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिकलला आहे. त्याच्या वडिलांना एका रशियन इंजिनियरने मायदेशी परतताना जाझची एक रेकॉर्ड दिली होती, तिथून हे वेड आमच्यात शिरलं. शालिकराम रेल्वे यार्डात वॅगन तपासतो. गाडी उभी राहिली की चाकावर हातोडी मारायची आणि नुसत्या आवाजावरून भेग ओळखायची, हे त्याचं काम. पहिल्यांदा जाझ ऐकलं तेव्हा तो म्हणाला होता, "भाऊ, हे चाक आता फुटते का मंग फुटते असं वाटते. पन फुटत नाही." त्या दिवसापासून तो एकही रविवार चुकला नाही.

आमचे नियम साधे होते. दर रविवारी एकाने आपली आवडती रेकॉर्ड आणायची, कव्हरला वर्तमानपत्र गुंडाळून. बाकीच्यांनी ओळखायची. सुई टेकल्यापासून बाजू संपेपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. एप्रिल-मे असला तरी कूलर बंद. बाजू संपली की मात्र भांडायला मोकळे. मग आनंद सॅक्सोफोनसाठी जीव टाकायचा, आणि शालिकराम म्हणायचा, "तुमचा तो सॅक्सवाला रडते जास्त, बोलते कमी."

तेवढ्यात माझी बायको सुजाता आल्याचा चहा घेऊन यायची. "सुटली का तुमची मौनाची शाळा?" असं दारातूनच विचारायची.

रेकॉर्डना आम्ही आमचीच नावं दिली होती. एकीचं नाव भांडण, एकीचं निळी. आणि सगळ्यांत लाडकी होती तळघर. अमेरिकेतल्या कुठल्याशा तळघरातल्या क्लबात तिघांनी वाजवलेली, समोर बसलेल्या लोकांसकट रेकॉर्ड झालेली. पियानो, ड्रम आणि डबल बेस. डबल बेस म्हणजे माणसाच्या उंचीचं तंतुवाद्य, उभं धरून बोटांनी छेडतात. या रेकॉर्डमधला प्रत्येक आवाज आम्हाला पाठ होता. कुठे ग्लास पडतो, कुठे एक बाई हसते, कुठे म्हातारा खोकतो. दुसऱ्या बाजूवर, मध्याच्या थोडं पुढे, पियानो थांबतो आणि बेस एकटाच चालायला लागतो. त्या वेळी माझे डोळे आपोआप मिटतात आणि मान ठेक्यावर हलायला लागते. जाझ ऐकणाऱ्या कुणालाही ते थांबवता येत नाही.

दीड वर्षापूर्वी, एप्रिलमधल्या एका रविवारी, नेमक्या त्या जागी सुजाता स्वयंपाकघराच्या दारातून आली. माझ्या खुर्चीशी वाकली आणि कानाशी काहीतरी बोलली. मी डोळे न उघडता बोट वर केलं. थांब, या अर्थाने. ती गेली.

बाजू संपली. आम्ही नेहमीसारखे भांडलो. अर्धा तास झाला तरी चहा आला नाही, म्हणून मी आत गेलो. मागचं दार सताड उघडं होतं. सुजाता पायरीवर बसली होती, भिंतीला डोकं टेकून. पायांत बाहेर जायच्या चपला होत्या. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. दुखायला लागल्यापासून फार तर वीस मिनिटं.

ती मला काय सांगायला आली होती? छातीत दुखतंय, असंच ना? मी बोट वर केलं नसतं तर? शालिकराम समोरच बसला होता. त्यालाही मी विचारलं. तो म्हणाला, "मले नाही आलं ऐकू, भाऊ." आणि खाली बघत राहिला.

मागच्या दाराला मी कडी घातली आणि आतून तिची लोखंडी ट्रंक सरकवून ठेवली. ते दार मग उघडलंच नाही.

तर, ऑक्टोबरातला तो रविवार. ऊन तिरपं होऊन खिडकीच्या गजांतून आत आलं होतं. यार्डात डबे एकमेकांना धडकल्याचा आवाज अधूनमधून यायचा, मग शांतता. आनंदने नवी सुई बसवली. पारखायची तर पाठ असलेली रेकॉर्डच हवी, म्हणून त्याने माझ्याकडे न बघता तळघर काढली. मी नाही म्हणालो नाही.

दुसरी बाजू. ग्लास पडला. बाई हसली. बेस सुरू झाला.

आणि काचेच्या बांगड्या वाजल्या. अगदी हळू, हात कशावर तरी टेकवताना वाजतात तशा. मग बाईचा दबका आवाज, दोनतीन वाक्यांपुरता. मी डोळे उघडले. शालिकरामचेही उघडे होते. नियम होता, म्हणून कुणी बोललं नाही.

आनंदने सुई उचलली. शालिकराम म्हणाला, "हे बाई पयले नव्हती."

"कौनसी, दादा? हँसनेवाली?"

"हासते ते अमेरिकेची हाये बे. हे दुसरी. बांगड्यावाली."

"नई सुई है ना. नीचे तक जाती है. जो पहले नहीं सुना, वो अब सुनाई देगा."

"बांगड्या घालून कोन जाते रे त्या क्लबात?"

आनंद हसला, पण थोडंच. "ठीक है, टेस्ट करते हैं," म्हणाला आणि स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. रेकॉर्डमधली प्रत्येक वस्तू जागा बदलणार, हे मी मुलांना फळ्यावर शिकवू शकेन इतकं साधं आहे.

पियानो खिडकीकडे गेला. ड्रम कपाटाकडे आले. हसणारी बाईही पलीकडे गेली. बेस सुरू झाला, आणि बांगड्या वाजल्या त्या आधी वाजल्या तिथेच. स्वयंपाकघराच्या दारात. मग पुटपुटणं माझ्या खुर्चीपाशी.

बाजू संपेपर्यंत तिघंही बसून राहिलो.

"सर," आनंद हलक्या आवाजात म्हणाला, "ये रेकॉर्ड में नहीं है."

"बंद करा आता," शालिकराम उठला. "ठेवून द्या ते. भाऊ, ऐक माह्यं."

"शालिकराम, तुला शब्द कळले का?"

"नाही."

"तू चाकातली केसाएवढी भेग ऐकतोस. तुला कळले नाहीत?"

तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि अॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणला. स्पीकर मुके झाले तरी सुई स्वतः थोडी वाजतेच. जवळ बसलं तर तबकडीवरून ते सगळं संगीत किड्याच्या किरकिरीएवढं ऐकू येतं. खोलीत तेवढाच आवाज होता. ऊन भिंतीवर चढलं होतं. आल्याचा वास आला. गॅस पेटवलेला नव्हता.

बारीक, बारीक पियानो... थांबला. किडा एकटाच चालू लागला. बेस.

बांगड्या वाजल्या. आवाज मोठा नव्हता. शेजारी बसलेल्या माणसाचा येतो तेवढाच.

"अहो..." सुजाता म्हणाली. "मांगच्या दारी कोनीतरी उभं हाये... मले बोलावून राह्यलं... जाऊ का?"

त्याच क्षणी माझं डोकं दोन हातांनी घट्ट धरलं गेलं. शालिकराम होता. हातोडी मारून मारून खरखरीत झालेले त्याचे तळवे माझ्या कानांवर होते.

"मान नोको हालवू, भाऊ! नोको हालवू!"

"काय...?"

"त्या दिवशी तू बोट वर केलं... अन् मान हालवली. ठेक्यावर. मी समोरून पायलं. वहिनीनं हो समजलं अन् गेल्या." त्याचा आवाज फुटला. "ऐकू मले तवाच आलं होतं. कसा सांगू तुले?"

छातीत दुखत नव्हतं. ती परवानगी मागायला आली होती. आणि मी दिली होती.

"नको," मी दाराकडे तोंड करून म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा बाजू चालू असताना बोललो. "नको जाऊ, सुजाता."

उत्तर आलं नाही. बेस संपला, किड्याएवढ्या टाळ्या वाजल्या. आम्ही तिघं आत जाऊन आलो. मागच्या दाराची कडी लावलेली होती. ट्रंक जागेवर होती.

शालिकराम म्हणाला, ती रेकॉर्ड फोडून टाक. मला ते जमणार नव्हतं. ती थांबली की नाही, एवढं तरी मला कळायला हवं होतं. "मंग माह्याशिवाय लावू नोको," तो म्हणाला. तेव्हापासून दर रविवारी आम्ही तळघर लावतो. बेस जवळ आला की शालिकराम न बोलता उठतो, माझ्या मागे उभा राहतो आणि माझं डोकं धरतो. आनंद आधी यावरून चेष्टा करायचा, "दादा, सर का हेडफोन बन गए." आता करत नाही.

सुजाताचा आवाज पुन्हा आला नाही. चार रविवार त्या जागी फक्त बेस होता. पाचव्या रविवारी मागच्या दाराकडून हाक आली. दूरची, सवडीने मारलेली. बाईची की पुरुषाची, ते सांगता येत नाही. अतुल, एवढंच. माझं नाव अतुल आहे, पण सुजाता मला अहो म्हणायची, शालिकराम भाऊ म्हणतो, आनंद सर. या नावाने मला हाक मारणारं आता कुणी नाही. शालिकरामने ती ऐकली का, हे मी विचारलं नाही. त्याची पकड मात्र त्या दिवशी कान दुखेपर्यंत घट्ट झाली होती.

परवाच्या रविवारीही मी रेकॉर्ड लावली. आनंद समोर डोळे मिटून बसला होता. ग्लास पडला. बाई हसली. बेस सुरू झाला तसे मागून दोन हात आले आणि त्यांनी माझं डोकं धरलं. मला बरं वाटलं. मी डोळे मिटले.

मागच्या दाराकडून हाक आली. या वेळी दाराच्या अलीकडून.

आणि तेव्हा मला आठवलं की शालिकरामला त्या दिवशी ड्यूटी होती. दुपारी दोनलाच त्याचा मेसेज आला होता, 'आज नाही येत, मी नसताना लावू नको.' तो मी वाचला होता.

सुजाता असेल, असं मी स्वतःला सांगितलं. नको जाऊ म्हटलं होतं, ती थांबली असेल, आणि आता मला थांबवते आहे. तळवे मऊ होते. पण बांगड्या वाजल्या नाहीत. हात अगदी जवळ, कानाला लागून होते, आणि मी बांगड्यांची वाट बघत राहिलो.

मग लक्षात आलं की ते हात माझी मान धरून ठेवत नव्हते. ठेक्यावर, हळूहळू, हलवत होते.